कच्ची गुंज

मित्रांनो, आज अंगात त्राण नाही.

तीन महिने कॉलेजच्या लॅबमध्ये गुंजेच्या बियांचा अर्क तपासतोय. पाण्यात अर्क टाकला, की त्यात चाचणीसाठी सोडलेली कोळंबीची पिल्लं मरतात. 'विषारी' असं लिहूनही झालं होतं.

ज्यांनी बिया दिल्या, ते आसगावचे वैदू बाबाजी आज लॅब बघायला आले. मेलेली पिल्लं पाहून म्हणाले, "दुधात उकळल्या होत्या ना, सर?"

"नाही, कच्च्याच कुटल्या."

"कच्ची त आमी जनावरालेबी देत नाही जी. मले इचारलं काहून नाही?"

बिया घेताना त्यांचं नाव, गाव, बियांचं वजन, सगळं वहीत उतरवलं होतं. त्यांचं औषध कसं करता, एवढंच विचारायचं राहिलं.

आता पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगा, शिकलेल्याला विचारायची लाज वाटते, की विचारायचं सुचतच नाही?