तात्यांचं पी-जॅकेट

तात्या आज सकाळी गेले. आणि मी रडायचं सोडून चिडून बसलोय.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, निमगाव केतकीचे. पन्नासच्या दशकात, गावात कुणी समुद्र पाहिलेला नसताना, हा माणूस मालवाहू बोटीवर खलाशी झाला.

घर सोडलं तेही आबांशी, म्हणजे माझ्या आजोबांशी भांडून.
"जन्मभर घोंगडी इणत बसायला मी न्हाय!"

तीन वर्षांनी परतले. अंगात गडद निळं, जाड लोकरीचं, दुहेरी बटणांचं जॅकेट.
महिना चैत्र!

त्या अवतारात आठवडी बाजार फिरले. लोक विचारायचे, "तात्या, हिवताप आलाय का?"
"पी-जॅकेट हाय हे. पी म्हंजी पायलट. बोट बंदरात आणणारा सायेब!"

आबा मागावरून उठले. बाही दोन बोटांत चोळली.
"भरड लोकर. घोंगडंच हाय की. फकस्त बाह्या लावल्यात."

झालं. इगो दुखावला. बापलेकांत अबोला. भाकरीसुद्धा आजीमार्फत मागायची.
तात्या तसेच पुन्हा बोटीवर गेले. आबा वारले तेव्हा ते समुद्रात होते.

पुढं आयुष्यभर आम्ही ते पायलट-पुराण ऐकलं. माझ्या लग्नात, भर पंगतीत. बारामतीच्या डॉक्टरला, बीपी मोजताना!

गेल्या दिवाळीत वैतागून मी मोबाइलवर शोधलं. जाणकार म्हणतात, हे नाव बहुधा डच भाषेतून आलं. तिकडं जाड्याभरड्या लोकरी कापडाला 'पेई' म्हणत. त्याचं जॅकेट ते पी-जॅकेट. पायलटचा अर्थ मागाहून कुणीतरी चिकटवला.

मी तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, आता शिव्या.

तात्यांनी खुंटीवरच्या जॅकेटकडं पाहिलं.
मग म्हणाले, "आबाला कुणी सांगितलं व्हतं हे?"
"कुणी नाही. हात लावून कळलं त्यांना."
"व्हय."
आणि माझ्यावरच उखडले, "मग तवाच का न्हाय बोललास?"
"तात्या, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता!"
"कायम उशीर करतोस."

चूक झाली, हे शब्द काही तात्यांच्या तोंडातून निघाले नाहीत. पण त्या थंडीत जॅकेट खुंटीलाच राहिलं. तात्या आबांचं जुनं घोंगडं पांघरून ओट्यावर बसायचे. विचारलं की खेकसायचे, "थंडी वाजती म्हणून!"

तात्या, आता आबा समोरच भेटतील. अबोला सोडा.
आणि कृपा करून पायलटचं नाव काढू नका.

या वैतागलेल्या पुतण्याचा शेवटचा नमस्कार.