विद्युलताची नडगी

तमिळ मुलखात, पोरूरच्या मुख्य रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुरुषोत्तम मास्टरांचा किकबॉक्सिंगचा क्लास आहे. जिना चढताना रबराचा वास येतो, वर पोचलं की घामाचा. या क्लासात विद्युलता शिंत्रे पाच वर्षं जात होती. त्यातली पहिली सव्वाचार वर्षं सुखाची गेली. मग त्या सुखात मिठाचा खडा पडला, आणि त्या खड्याचं नाव होतं नित्या.

विद्युलता मूळची इचलकरंजीची. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे गिअर आणि शाफ्ट बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या हार्डनेस लॅबमध्ये ती कामाला. भट्टीतून कडक होऊन आलेला तुकडा मशीनखाली ठेवायचा, त्यावर हिऱ्याच्या टोकाचा दाब द्यायचा, कडकपणाचा आकडा वाचायचा. कमी भरला की माघारी. रोज हेच करून तिला माणसांचेही आकडे लावायची खोड लागली होती. सुपरवायझर चाळीस, घरमालकीण पंचावन्न. स्वतःला मात्र ती कधी साठाच्या खाली धरत नसे.

क्लासात ती आली ती संध्याकाळ कशी काढायची हा प्रश्न होता म्हणून. राहिली ती मास्टर चांगलं म्हणायचे म्हणून. तिच्या वजनगटातून मागच्या वर्षी त्यांनी तिलाच राज्य निवडीला पाठवलं होतं. ती पहिल्याच लढतीत एका गुणानं हरली आणि परतीच्या बसमध्ये मास्टरांना म्हणाली, पुढच्या वर्षी बघा. आता ते पुढचं वर्ष आलं होतं. वय एकतीस, आणि जूनमध्ये कंपनी तिला चाकणच्या कारखान्यात हलवणार हे कागदावर आलेलं. एका गटातून क्लासाचं एकच नाव जातं. या खेपेला ते नाव आपलं नसलं, तर पुन्हा कधीच नसणार, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

आणि नेमकी तेव्हा नित्या उगवली. तेवीस वर्षांची, तंजावरकडच्या मराठी घरातली, पोरूरच्याच एका बँकेत नोकरीला लागलेली, आणि वजनगट विद्युलताचाच. क्लासात सगळ्यांना फार आनंद झाला. विद्युलता, तुझी बहीण आली बघ, असं जो तो येऊन सांगू लागला. नित्यालाही ते पटलं असावं, कारण पहिल्या दिवसापासून तिनं अक्का म्हणायला सुरुवात केली. तिची मराठी ऐकून विद्युलताला जुन्या दस्तऐवजाची आठवण येई, त्यात मध्येच तमिळ. तरी ती बोलायला लागली की लोक कान देऊन ऐकत. पाच वर्षांत विद्युलताची मराठी ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

पण खरं दुखणं भाषेचं नव्हतं, नडगीचं होतं. नित्यानं बॅगेवर लाथ घातली की खालच्या टायरवाल्याला कळायचं. एकदा सरावात विद्युलतानं तिच्या मांडीवर नेम धरून लाथ मारली. नित्यानं पाय नुसता गुडघ्यात उचलून नडगी आडवी धरली. हाडावर हाड आपटलं आणि विद्युलताच्या पार दाढेपर्यंत कळ गेली. दोघींच्या पायांना पॅड होते, तरीही. नित्या जागची हलली नाही. वर पुन्हा, लागलं का अक्का, असं विचारलं. मार परवडला, पण ही विचारपूस नको, असं विद्युलताला झालं.

त्या दिवसापासून ती नित्याला पाण्यात पाहू लागली. तिच्या डब्यातली नाचणीची इडली, तिची मांडीपर्यंतची वेणी, मास्टरांनी तिच्या खांद्यावर मारलेली थाप, काहीही तिच्या डोळ्यांत खुपायला पुरेसं होतं.

शेवटी मान खाली घालून तिनं विचारलंच, तुझी नडगी एवढी घट्ट कशी? नित्यानं काही न लपवता सांगून टाकलं. चौदाव्या वर्षापासून ती हे करते. आधी मऊ बॅग, तीही हळू. वर्ष गेल्यावर जरा जड. आठवड्यात तीन दिवस लाथा, मधे एक दिवस तरी पायाला पूर्ण सुट्टी. दोरीवरच्या उड्या, पोटभर जेवण, झोप. सरावात पॅड कधी काढायचे नाहीत. एकाच जागी बोट ठेवून दुखलं की थांबायचं. झालं, एवढंच.

विद्युलताचा अर्थातच विश्वास बसला नाही. मत्सरी माणसाला साधं उत्तर चालत नाही. घरचा मसाला कुणी शेजारणीला खरा सांगतं का, असं तिच्या मनानं घेतलं. शिवाय नऊ वर्षं हे काही उत्तर नव्हतं. नाव ठरवणाऱ्या चाचणीच्या लढतीला तिच्याकडे सहा आठवडे होते.

मग तिला तिची स्वतःची युक्ती सुचली, आणि ती सुचायला हार्डनेस लॅबच लागते. कारखान्यात शॉट पीनिंग नावाचं एक काम असतं. तयार गिअरवर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात. मार खाऊन त्याचा वरचा थर दाबून बसतो आणि तोच गिअर आधीपेक्षा जास्त ताण सोसतो. काम वीस मिनिटांचं. विद्युलतानं ते हजारदा पाहिलं होतं, आधीचे आणि नंतरचे आकडे स्वतःच्या हातानं लिहिले होते. पोलाद मार खाऊन सुधारतं, तर हाडाला काय झालं? लॅबच्या कपाटात नापास झालेला एक शाफ्ट नमुना म्हणून पडला होता, लाटण्याएवढा. रीतसर गेटपास करून तो तिनं पूनमल्लीच्या आपल्या खोलीवर आणला.

रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी वीस मिनिटं. दोन्ही नडग्यांवर तो शाफ्ट वरखाली दाबून फिरवायचा, मग त्यानंच बारीक बारीक ठोके, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. उजवी किकची, म्हणून तिला दुप्पट. पहिल्या आठवड्यात पाय हिरवेनिळे झाले, दुसऱ्यात सुजले. तिसऱ्यात नडगी बधिर झाली, आणि बाईसाहेबांना आकाश ठेंगणं झालं. बॅगेवर कितीही मारलं तरी काही लागेना. साठ नाही, बासष्ट, असं तिनं मनाशी लिहून टाकलं.

योगायोगानं त्याच सुमारास मास्टर एकदा सगळ्यांना बसवून बोलले. यूट्यूब बघून बाटल्या आणि काठ्या फिरवणारी मंडळी त्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, बधिर होणं म्हणजे घट्ट होणं नव्हे, नुसती कातडीखालची जाणीव मेलेली असते. हाडावर ताण आला की शरीर आधी तिथलं थोडं हाड खरवडून काढतं आणि मग सावकाश नवं भरतं. भरायला महिने लागतात. त्या मधल्या काळात तिथंच रोज ठोकत राहिलं तर भरणं राहतं बाजूला आणि तडा जातो. पॅड कातडी वाचवतात, हाड नाही. विद्युलतानं मान डोलावून सगळं ऐकलं. हे दुसऱ्या कुणाला उद्देशून चाललंय, अशी तिची समजूत होती.

पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या मध्याखाली एक दुखरी जागा तयार झाली. रुपयाएवढी, त्याहून मोठी नाही. बाकीचा पाय बधिर आणि तेवढी जागा जागी. जिना उतरताना ती बोलायची, एका पायावर उडी मारली की ओरडायची. कारखान्यात तडा गेलेला शाफ्ट टिचकी मारली तरी बद्द वाजतो, आणि तसला एकही तुकडा विद्युलतानं आजवर पास केला नव्हता. स्वतःच्या बाबतीत मात्र तिनं लांब मोजे घातले आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

नित्याला लागली. कपडे बदलायच्या खोलीत मोजा खाली सरकला होता. नित्या खाली बसली, तिनं अंगठा हलकेच त्या जागेवर टेकवला आणि विद्युलतानं पाय असा झटकन ओढला की लपवायला काही राहिलं नाही.

"अक्का, हे बरं नाहीं अहे. एक्स-रे काढा. मी मास्टरांना सांगू?"

"सांग की. म्हणजे माझं नाव कापलं जाईल आणि तुझं लागेल. त्यासाठीच आली आहेस ना इथं?"

नित्याचा चेहरा पडला. ती उठून उभी राहिली. कुणाला एक शब्द बोललीस तर तुझी लायकी मला कळेल, असंही विद्युलतानं वर ऐकवलं आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. घरी जाताना मात्र त्या पोरीचा पडलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून तिचा आणखीच राग आला.

चाचणीची लढत रविवारी सकाळी झाली. दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, गुण द्यायला मास्टर आणि दोन जुने विद्यार्थी. विद्युलतानं दात आवळून पहिली लाथ मांडीवर घातली. नित्या नडगी आडवी धरणार, हे ती धरूनच चालली होती. त्या कळेसाठी तिनं श्वाससुद्धा रोखला होता. पण नित्याचा पाय जमिनीवरच राहिला. लाथ मऊ मांडीवर बसली, गुण मिळाला. दुसरी, तिसरी, सातवी, तेच. मास्टर बाहेरून 'चेक, चेक', म्हणजे नडगी आडवी धर, म्हणून ओरडत होते, आणि नित्या बहिऱ्यासारखी मांडी पुढं करत होती. तिनं हातांनी गुण घेतले, पण विद्युलताच्या पायाकडे एकदाही वळली नाही. तिसरी फेरी संपली तेव्हा विद्युलता चार गुणांनी पुढं होती.

मास्टरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं. टाळ्या झाल्या. पाच वर्षांत एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं. नित्या लंगडत कोपऱ्यात गेली आणि मास्टर तिला तमिळमधून झाडू लागले. नऊ वर्षं काय शिकलीस, पाय उचलायला काय झालं होतं? नित्या एवढंच म्हणाली की आज पाय जड होता. विद्युलता पाण्याची बाटली तोंडाला लावून हे ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला गोड वाटत होतं.

मग तिची नजर नित्याच्या मांडीवर गेली. गुडघ्याच्या वरपासून कमरेपर्यंत जांभळी पडली होती. मुद्दाम हरणारा माणूस इतका मार खात नाही. एक-दोन लाथांत तो बाजूला होतो. विद्युलताला ते टाळताही येईना आणि विचारल्यावाचून राहवेनाही. नित्या बॅग घेऊन जिन्याकडे निघाली तशी ती मागं गेली. पाय का नाही उचललास, म्हणून तिनं जवळजवळ दटावूनच विचारलं.

नित्यानं आधी, जाऊ दे की अक्का, असं म्हणून पाहिलं. विद्युलता वाट अडवून उभी राहिली.

"सांगू नको म्हणून तुम्ही सांगट्लात. मी अडवट्लं असतं तर तुमचं हाड तुटलं असतं," नित्या म्हणाली. "मांडीचं काय, आठ दिवसांत बरं होतं."

एवढं बोलून ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. विद्युलता तिथंच उभी राहिली. नित्यानं तिला हरवलं असतं तर तिनं ते कधीतरी माफ केलं असतं. हे माफ करता येणार नव्हतं, कारण यात माफ करण्यासारखं काही नव्हतंच.

ती आत परत गेली. मोजा खाली करून पाय मास्टरांपुढं ठेवला आणि सहा आठवड्यांचं सगळं सांगितलं, शाफ्टसकट. मास्टरांनी त्या जागेवर बोट ठेवलं तेव्हा ती किंचाळली. त्यांनी फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. मग, आणखी कुणाला माहीत होतं, असं विचारलं. नित्याला, असं तिनं सांगितल्यावर ते खिडकीतून खाली ओरडले आणि नित्याला परत वर बोलावून तिलाही बोलले. ही वाचली ते नशीब, मला सांगायला हवं होतंस, असं म्हणाले. नित्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. फळ्यावर आता तिचं नाव लागलं होतं, पण तिनं तिकडे पाहिलंही नाही.

एक्स-रेत तड्याची केसाएवढी रेघ दिसली. तीन महिने लाथ नाही, म्हणजे निवड नाही, आणि मग चाकण. दवाखान्यातून बाहेर पडताना नित्यानं तिची बॅग न विचारता उचलली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला, आणि दोघी लंगडत रिक्षाकडे निघाल्या. जेवण जालं का अक्का, असं नित्या विचारत होती. विद्युलताला तेव्हाही तिचा हेवाच वाटत होता, पूर्वीपेक्षा जास्त. फक्त आता तो नडगीचा नव्हता.