गालातली पावडर

आमी शेतातल्या कोठ्यातच राहायचो, दारापुढं तळं, तळ्यात झिंगे पाळलेले. आमचे मालक दिवसभर गोरेगाव-सेनगाव जीप हाकायचे, म्हून झिंगे माह्या गळ्यात. त्यायले सोडून कुठं जायचं न्हाई, माहेरालाबी न्हाई, कारण पहिल्या साली पाठीवर काळे डाग पडून सगळे मेले होते.

दुसऱ्या साली मच्छीपालनाचे साहेब आले, पावडरचा डबा देऊन गेले. म्हणले, याच्यानं झिंग्यात ताकद येते, रोग लवकर धरत न्हाई. खाद्याच्या गोळ्यायवर पावडर टाकायची, तेलाचा हात फिरवायचा, सावलीत वाळू द्यायचं, मग तळ्यात. जाता जाता मले म्हणले, "हे माणसाचं न्हाई बरं. तू लेकुरवाळी, हात धूत जाय." डब्यावर सगळं इंग्रजी, मी सातवीतून घरी बसलेली, मी साहेबाचं बोलणंच धरून ठेवलं.

झिंगे खरंच तरारले. अन् माहं लेकरू, आठ म्हयन्याचं, त्याचं पडसं हटंना, पाय काड्यावानी. सासूबाई तळ्याकडं पाह्यच्या, मग लेकराकडं पाह्यच्या. मले तवाच भ्याव वाटाय लागलं.

एक दिवस दुपारी गोळ्या वाळत घालून आत आले तर लेकरू सासूबाईच्या मांडीवर, अन् त्यायच्या चिमटीत पावडर.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?"

"पाण्यातल्या किड्याले ताकद येते, माह्या नातवाले काहून येऊ न्हाई?"

"साहेब न्हाई म्हणले हो, माणसाचं न्हाई ते."

"साहेब किती बाळंतपणं करून बसला? सरक. झिंगे दत्तक घेतले का तू?"

चिमूट ओठापाशी गेली. हिसकावं तर सासू, वरडावं तर शिवारात कोण हाये? तोंडात आलं ते बोलले, "आत्याबाई, ते दूध माहंच पितंय ना, मग मले द्या, त्याले बराबर पोचंल."

त्या थांबल्या. "व्हय, हे खरं," म्हणल्या अन् चिमूट माह्या जिभेवर ठेवली. मी गालात दाबली, सुकटीचा वास, कडू.

"गिळली?"

मी मान हलवली.

"मंग पाज आता."

पदराखाली घेतलं पण पाजायची हिंमत होईना, थुकीसंगं थोडी उतरली असंल तर? ते कळवळून रडाय लागलं, सासूबाई म्हणे "पाज की गं," अन् मले तोंड उघडून बोलताबी येईना. लेकरू कडेवर, पाण्याचं निमित्त म्हून हंडा हातात, तशीच पळाले तळ्यावर. थुकले, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या, मग तिथंच बांधावर बसून पाजलं.

संध्याकाळी मालकाले सांगीन म्हणलं, तर सासूबाईनंच आधी सांगितलं. मालक हसले, "खाऊ दे, तिच्याबी अंगी लागंल."

अन् पुढं लेकराचं पडसं आपसूकच गेलं. सासूबाईनं त्याचा पापा घेतला. "पाह्य, लागू पडलं का न्हाई? आता रोज घ्यायची, डबा सरस्तोवर."

रोज दुपारी मी तोंड उघडायची, गाल दाबायची, हंडा घ्यायची. डबा सराय आला की साहेब नवा आणून द्यायचे.