चार्जर उगवून पाहिला

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर वायर पुस्तकाखाली दाबली तरच चालायचा. त्या दुपारी तोही थांबला. खिशात खानावळीचे पैसे होते. चार्जर घेऊनही लॅपटॉप सुरू झाला नसता, तर प्रोजेक्टही गेला असता आणि महिन्याचं जेवणही.

अमरावतीतल्या दुकानदारानं माझा चार्जर नुसता हातात घेतला आणि मी सोबत आणलेल्या लॅपटॉपला लावूनही न पाहता म्हणाला, "गेला हा." इतक्या लवकर कसं कळलं? त्यानं दोन नवे समोर ठेवले. एक सीलबंद डब्यातला, महाग. दुसरा साध्या पिशवीतला, निम्म्या किमतीचा. मला दोन्हींचा संशय आला, आणि त्याचाही.

बाहेर येऊन मी नांदगाव खंडेश्वरला बाबांना फोन लावला. त्यांनी लॅपटॉपला कधी हात लावला नव्हता, पण विचारायला दुसरं कोण होतं?

"आपन सोयाबीनचं बियानं कसं घेतो, बाबू? ओल्या गोनपाटात बांधून मोड येते का, ते पायतो ना? तसंच पाय."

एका वर्षी गावातल्या बऱ्याच जणांनी पिशवीवरच्या सीलवर विश्वास ठेवून पेरलं होतं आणि काहीच न उगवता शेतं काळीच राहिली होती. तेव्हापासून बाबा गोणपाटात पाहिल्याशिवाय एक दाणाही पेरत नव्हते.

मी परत दुकानात गेलो. "काका, इथंच लावून थोडा वेळ बसू का?"

"कावून? भरोसा नाई?"

"तसं नाही..."

"तसंच हाय." तो हसला नाही. "डबा फोडला तं घ्याच लागन. हा साधा लावून पाय. पन तुह्यं कार्ड ठेव इथं."

माझं कॉलेजचं ओळखपत्र त्यानं गल्ल्याजवळ ठेवलं आणि पेनानं नव्या चार्जरवर फुली मारली. मी बदलून जुनाच परत देईन, अशी त्याला शंका असावी.

लॅपटॉपचा दिवा लागला. मी वायर हलवून पाहिली, चार्जर तापतो का म्हणून त्यावर हात ठेवला. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मग मी माझा जुना चार्जर त्याच्या दुकानातल्या लॅपटॉपला लावायला सांगितलं. दिवा लागला नाही.

"आता पटलं?"

"थोडंसं."

"वकील होऊन राहिला का बे?"

बॅटरी पूर्ण भरेपर्यंत मी स्टुलावरून उठलो नाही. डब्यातला चांगला असेलही, पण तो पाहता येत नव्हता. साधा माझ्यासमोर उगवला होता. तोच घेतला. पैसे देताना फुली तपासली, मघाचाच आहे ना.

रस्त्यावर पोचलो, तेव्हा मागून हाक आली. दुकानदार दारात उभा राहून माझं ओळखपत्र हलवत होता.

"मायावर भरोसा नाई म्हनतो, आन् कार्ड मायाजवळच सोडून चालला!"

मी कार्ड घेतलं. फोटो माझाच आहे ना, तेवढं मात्र पाहून घेतलं.