आईचं बोलणं बहिणीला सांगताना

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा उस्मानाबादहून आमच्या कचेरीत कागदपत्रांचे रुमाल ट्रकने येत होते. लाल कपड्यात बांधलेले गठ्ठे खोलीभर रचलेले असायचे आणि आम्ही नवे कारकून दिवसभर ते सोडून, झटकून, गाववार लावत बसायचो. नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. केल्यावर मला ही नोकरी लागली होती. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला सरकारी नोकर. आई गावीच राहायची, मुरुडपासून चार-पाच मैलांवर. मी लातूरला एका खोलीत.

नोकरीला वर्षभर झालं असेल. आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"हे तुमच्या गावचं दिसतंय. बघा बरं."

पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं होतं, ते खोडून कुणीतरी लातूर केलं होतं. आत इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं. इटलीतली एक अठरा वर्षांची मुलगी आपल्या जन्मदात्या आईचा पत्ता विचारत होती. तिच्या फायलीत गावाचं नाव होतं आणि आईचं नाव. स्पेलिंग चुकलं होतं, पण नाव माझ्या आईचं होतं.

मला बहीण होती हे मला माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो, ती चार वर्षांची. वडील आदल्या वर्षीच वारले होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, मी तिच्यासोबत. बहिणीला गोवर आला, मग हगवण लागली. आईने तिला पाठीशी बांधून बार्शीच्या रस्त्यावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं, आणि एकटीच परत आली. आमच्या घरात, भावकीत, सगळ्या वाड्यात एकच गोष्ट सांगितली जायची: आईने कशावर तरी अंगठा उठवला, तिला वाटलं औषधाचा कागद आहे, आणि लेकरू परदेशी गेलं. अडाणी बाईला फसवलं. मीही हेच धरून मोठा झालो. आईने ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलेली मला आठवत नाही, पण कुणी सांगत असलं तर ती आडवंही येत नसे.

पत्र घेऊन मी त्याच शनिवारी गावी गेलो. आई ज्वारी निवडत होती. मी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"जिती हाय?" तिने विचारलं.

"हाय. अठरा वर्षांची झाली."

आई उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मी उत्तर लिहिलं. बहिणीला इंग्रजी फारसं येत नव्हतं, माझंही कचेरीपुरतंच. तिच्या पत्राखाली इटालियनमध्ये हाताने लिहिलेल्या दोन ओळी असायच्या, त्या मला वाचता येत नव्हत्या, आणि खरं काय ते त्या दोन ओळींत आहे असं मला वाटत राहायचं. नांदेडला एका लहानशा दवाखान्यात एक म्हातारी इटालियन सिस्टर आहे हे मला वसतिगृहातल्या दिवसांपासून माहीत होतं. मी तिला जाऊन भेटलो. माझ्या बहिणीच्या प्रकरणाशी तिचा काही संबंध नव्हता. सगळं ऐकून ती म्हणाली, "रविवारी या. दुपारी मला वेळ राहतो."

वर्षभर मी एक रविवार आड लातूरहून नांदेडला जायचो. सकाळची एस.टी., दुपारी दीड तास भाषा, पुन्हा एस.टी. सिस्टर मराठी बोलायची ती आमच्यासारखीच, 'लई' आणि 'काऊन' घालून. आक्वा म्हणजे पाणी. फामे म्हणजे भूक. सोरेल्ला म्हणजे बहीण. पेर्के म्हणजे 'का', आणि उत्तरातलं 'कारण' तेही पेर्केच. मला ते फार विचित्र वाटलं.

"भूतकाळ शिकवा," मी म्हणायचो.

"आधी वर्तमानकाळ पक्का करा," ती म्हणायची. "भूतकाळ अवघड हाय. घाई करू नका."

भूतकाळाला आम्ही जेमतेम हात लावला आणि ती आजारी पडली. तिला दक्षिणेत कुठंतरी हलवलं. माझं शिक्षण तिथंच थांबलं. बसमध्ये, कचेरीत, खोलीवर भाकरी थापताना मी वर्तमानकाळातली वाक्यं पुटपुटत राहिलो.

बहीण आली त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. लातुरात गल्लोगल्ली टँकरपुढे घागरींच्या रांगा लागलेल्या. मुंबईहून येणारी गाडी सकाळी स्टँडवर लागली आणि तिच्यातून एक उंच मुलगी उतरली. केस कापलेले, पाठीवर पिशवी. चेहरा आईचा. इतका आईचा की आजूबाजूची माणसंही तिच्याकडे परकी म्हणून बघत नव्हती. एका बाईने तिला, "बाई, ही उदगीरची गाडी का?" असं विचारलंही. तिने गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

मी वर्षभर घोकलेलं वाक्य म्हटलं: मी तुझा भाऊ आहे, तुझं स्वागत आहे. ती रडायला लागली, मग म्हणाली की माझे उच्चार जुन्या बायकांसारखे आहेत. ते मला दोनदा ऐकल्यावर कळलं. आम्ही दोघंही हसलो.

गावी जाण्याआधी तिला तिची जन्माची नोंद बघायची होती. मी ती आधीच शोधून ठेवली होती. पिवळ्या पडलेल्या रजिस्टरात वडिलांचं नाव होतं, जात होती, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. नाव नव्हतं. तारीख तिच्या फायलीतल्या तारखेपेक्षा तीन महिने आधीची होती. ती ओळ तिने बोटाने दाखवत विचारली, "मी?" मी म्हटलं, "सी." म्हणजे हो. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. कचेरीतली माणसं कामं सोडून आमच्याकडे बघत होती, मग एकेक जण खाली बघून कामाला लागला.

गावी आई दारात उभी होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. ती पुढे आली नाही, बहीणही गेली नाही. मग आईने तिचा हात धरून आत नेलं, तिला पाटावर बसवलं आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. तांब्याभर. त्या उन्हाळ्यात तांब्याभर पाणी पायांवर घालणं काय असतं ते मला कळत होतं, बहिणीला कळलं नसावं.

पहिला दिवस असाच गेला. खाणं, बघणं, वाड्यातली माणसं येणं. आई तिच्या कानामागे बघायची, कोपर बघायची, काहीतरी ताडून बघितल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घराचं दार लोटून घेतलं. आम्ही तिघंच होतो. बहिणीने पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि आईकडे बघून म्हणाली:

"पेर्के?"

मला सांगायची गरजच पडली नाही. आईने ओळखलं.

"कामून दिलं म्हनती ना?"

"व्हय," मी म्हटलं. आणि मीच उत्तर सुरू केलं. जे घरात सांगितलं जायचं तेच. आईला वाचता येत नाही, आई अंगठा उठवते, आईला कळत नाही. मला वर्तमानकाळच येत होता, तर त्यातच सांगत होतो.

आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू काय सांगून राह्यला?"

"तेच. अंगठ्याचं. तुला कळलं नव्हतं म्हणून."

"न्हाई," आई म्हणाली. "मला म्हाईत व्हतं."

मी थांबलो.

"दवाखान्यातल्या त्या बाईनं कागद वाचून दावला व्हता मला. दोनदा. म्हनली, ही आता तुमची राहनार न्हाई, दुसऱ्या मुलखात जाईल, परत येनार न्हाई. इचार करून उद्या या म्हनली. म्या रातभर दवाखान्याच्या पडवीत बसले. सकाळी अंगठा दिला. लोकच म्हनले फसवलं. म्या म्हनू दिलं."

बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. पंधरा वर्षं जे खरं होतं ते गेलं होतं, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते मला मराठीतही सुचत नव्हतं. मी म्हटलं, "मादरे सा." आईला माहीत आहे.

एवढंच म्हटलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"म्या येवढं बोलले अन् तू येवढुसंच सांगितलंस? गाळू नको. समदं सांग तिला."

मग मी सगळं सांगितलं. तुटक, शब्द शोधत. ती बाई कागद वाचते. दोनदा वाचते. आई पडवीत बसते. सकाळ होते. आई अंगठा देते. बहिणीचे ओठ पांढरे पडत गेले. मला भूतकाळ येत नव्हता म्हणून ते सगळं तिच्यासमोर तेव्हाच घडत होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

तिने हळू विचारलं, "मीच का? तो का नाही?" आणि माझ्याकडे बोट केलं.

हे मला आईला सांगावं लागलं. माझ्याच विषयी.

आई म्हणाली, "ह्यो चालत व्हता. खडीच्या पाट्या उचलू लागायचा. तू उभी राहत नव्हतीस. पानी पाजलं का वकायचीस. दोघं ठिवली असती तर दोघंबी गेली असती."

मी ते सांगितलं. बहिणीने आणखी एक प्रश्न विचारला. तो मुलगा होता म्हणून?

मला वाटलं हा प्रश्न आईपर्यंत नेऊच नये. भाषा अपुरी आहे असं सांगून सुटता आलं असतं. पण आई माझ्याकडे बघत होती. मी सांगितला.

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. बाहेर कुणीतरी पायलीचं माप आपटत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"तेबी असंल," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तू मरू लागली व्हतीस म्हून दिलं, हे खरंच हाय. पर ह्यो मरू लागला असता तर ह्याला दिलं असतं का, ते मला सांगता येत न्हाई."

मी ते इटालियनमध्ये कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही. सांगितलं एवढं नक्की. बहीण उठून बाहेर गेली.

मी थोड्या वेळाने तिच्यामागे गेलो. वाड्याच्या कोरड्या विहिरीच्या कठड्यावर ती बसली होती. बहात्तरला ती विहीर सगळ्यांत आधी आटली होती. गावच्या विहिरीला आमच्या बायांना हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर घागर घेऊन वाट बघत बसायचं. तिला हे सांगावं की नाही याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात तीच बोलायला लागली. भराभर, मला कळेल असं न बोलता. मी मध्येच थांबवलं. मग तिने लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. तिला लहानपणापासून सांगितलं होतं की तिच्या आईला काही कळत नव्हतं. म्हणून तिला वाटायचं आपल्याला उचलून आणलंय. त्या रागापायी ती इटलीतल्या आईशी दोन वर्षं धड बोलली नव्हती.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"तुला कसं वाटतं?"

'लाज' ह्याला शब्द मला येत नव्हता. तिने माझा हात धरला, दोन्ही हातांत, आणि आम्ही ऊन सरेपर्यंत तिथं बसलो.

घरी आलो तेव्हा आई पुन्हा सूप घेऊन बसली होती. बहीण तिच्यासमोर बसली आणि खडे वेचू लागली. तिला ज्वारीचा दाणा आणि खडा नीट ओळखू येत नव्हता. आई तिने टाकलेले दाणे उचलून परत सुपात घालत होती.

ती आणखी चार दिवस राहिली. निघताना स्टँडवर ती आईला 'ग्रात्सिए' म्हणाली.

"काय म्हनती?"

"आभार मानते."

"कशापायी?"

मी विचारलं. बहीण म्हणाली, खरं सांगितल्याबद्दल. आईने मान हलवली आणि खिडकीतून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गाडी सुटली.

त्यानंतर बरीच वर्षं मला आईशी मोकळं बोलता आलं नाही. ठेवून घेतलेला मी. एकदा तिच्यापुढे तसं बोलून गेलो. ती रागावली. "तू काय केलं व्हतंस? आठ वर्साचं लेकरू. माझ्या वाटचं तू कशाला घ्यायलास?" तरी ते माझ्यातून गेलं नाही. बहीण पत्रं लिहीत राहिली, दोनदा येऊनही गेली. आई वारली तेव्हा तिला पोचायला पाच दिवस लागले. ती नुसती बसून राहिली. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि आईनेही कधी माफी मागितली नव्हती.

आई गेल्यावर दोन वर्षांनी मी इटलीला गेलो. बहिणीचं घर डोंगरातल्या एका लहान गावात होतं. तिला वाढवणारी आई ऐंशीच्या पुढची, काठी टेकत दारापर्यंत आलेली. बहिणीला पत्रं लिहून लिहून माझा भूतकाळ तोवर पक्का झाला होता. बहीण बाजारात गेली असताना म्हातारीने मला स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि विचारलं, "तुमच्या आईचा माझ्यावर राग होता का?"

मला 'नव्हता' म्हणता आलं असतं. पण मी आईला ते कधी विचारलंच नव्हतं. मी तसंच सांगितलं.

ती काठी टेकत उठली आणि तिने माझ्या चहासाठी पातेल्यात पाणी तापत ठेवलं.