लेफ्टनआबांचं निवृत्तीनंतरचं लग्न

वाटेत विहीर लागली आणि लेफ्टनआबा आत वाकून न बघता पुढं गेले, असं कधी झालं नाही. आमच्या कर्जत तालुक्यात विहिरीत वाकून बघावं असं वर्षातले आठ महिने काही नसतं. तरी हा माणूस कठड्यावर दोन्ही हात टेकायचा, अर्धं अंग आत घालायचा आणि एखाद्या बंद घराच्या खिडकीतून डोकवावं तसा निरखत राहायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत, आणि पाठमोरे. पाऊस चांगला झाला होता, विहीर तुडुंब होती, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मला वाटलं, माणूस जीव देतोय. मी सायकल टाकली, धावलो आणि मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. "अहो, असं करू नका! संसार आहे, चालायचंच!" या धडपडीत माझ्या खिशातला मोबाईल त्यांच्या खांद्यावरून थेट पाण्यात.

त्यांनी शांतपणे माझे हात सोडवले. म्हणाले, "जीव द्यायला आलो असतो, तर इस्त्रीचा शर्ट कशाला घातला असता?" मग तो शर्ट काढून, नीट घडी घालून कठड्यावर ठेवला आणि साठी उलटलेला हा गृहस्थ सूर मारून दिसेनासा झाला. वर आला तो मोबाईल घेऊनच. "हा गेला. पण माणूस वाचवल्याचं समाधान तुमच्याकडंच राहू द्या, गुरुजी." गुरुजी, कारण मी गावच्या शाळेत मास्तर आहे, हे माझ्या हातावरच्या खडूवरून त्यांनी ओळखलं होतं.

आबा मूळचे आमच्याच गावचे. अठराव्या वर्षी खलाशी म्हणून नौदलात गेले. ज्यानं समुद्र चित्रातसुद्धा धड पाहिला नव्हता, त्याला तिथं पाण्याखालचं काम मिळालं. जहाजाच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, तळ तपासायचा, बुडालेलं वर काढायचं. पुढं परीक्षा देऊन ते त्याच कामातले अधिकारी झाले आणि लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झाले. गावाला एवढं लांब नाव परवडणारं नव्हतं. गावानं 'लेफ्टन' ठेवलं, वयाचा मान म्हणून 'आबा' जोडलं आणि विषय संपवला.

निवृत्तीचा विषय निघाला की आबा खुलायचे. नियम त्यांना पाठ होते आणि नियमांवर त्यांचा जीव होता. "अकादमीतून थेट साहेब झालेले माझ्या हुद्द्यावर असते, तर माझ्याआधी काही वर्षं घरी बसले असते. आम्ही खालून वर आलेले, हातात विशेष काम असलेले. आम्हाला उशिरापर्यंत ठेवतात. उशिरा चढलेल्याला उशिरा उतरवायचं, सरळ हिशोब आहे." एकदा मी त्यांना मोठ्या कळवळ्यानं सांगितलं, की तुमची खलाशीपणाची वर्षं पेन्शनला धरली जाणार नाहीत, अर्ज करावा लागेल. त्यांनी ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाले, "गुरुजी, ती धरूनच मला सात वर्षं पेन्शन मिळतीय. परत करू का?"

जन्मतारीख हा त्यांचा दुसरा आवडता विषय. आमच्याकडं त्या पिढीतलं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना मास्तर बोटावर वर्ष मोजायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. आबांची आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, की हा ज्वारीच्या खळ्यावर झाला, म्हणजे ऐन माघ-फाल्गुनात, आणि तेही पुढच्या वर्षी. भाऊबंद म्हणाले, तारीख दुरुस्त करून घे, नोकरी वाढेल. आबा म्हणाले, "जी तारीख सांगून आत शिरलो, तीच सांगून बाहेर पडणार." त्यांना खंत एकाच गोष्टीची होती. नियमाप्रमाणं एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. "तुमच्याच खात्यातल्या मास्तरांनी दोन जून लिहिलं असतं, तर शाईला काय जास्त लागली असती? अख्खा जून महिना नोकरीत निघाला असता!" जणू ते मास्तर मीच होतो, असं माझ्याकडं बघायचे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेल्या. मूलबाळ नव्हतं. आबांचा डबा सुमनताईंकडून येऊ लागला. सुमनताईंचा नवरा कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रकवर होता, तो ऐन तारुण्यात अपघातात गेला. तेव्हापासून बाई दिराच्या मागच्या खोलीत राहत होत्या आणि शाळेतले मास्तर, ग्रामसेवक, असल्या परगावच्या पोटांना भाकरी घालत होत्या. दिराचं नाव भानुदास. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला एकाएकी ती मागची खोली आठवली. "वयनी, दिवाळीपातूर बघा काहीतरी," एवढंच तो म्हणाला. काय बघा, ते त्यानं सांगितलं नाही.

आबांनी मागणी घातली तीही नियमावर बोट ठेवून. हे मला पुढं सुमनताईंनीच हसत हसत सांगितलं. आबांनी त्यांना समोर बसवलं आणि कामगिरीवर निघालेल्या तुकडीला समजवावं तसं समजावलं. माझ्यामागं पत्नीला पेन्शन मिळते. पत्नी नसेल तर ती कुणालाच मिळत नाही, तळाला जाते. चांगली वस्तू डोळ्यांदेखत बुडू देणं माझ्यानं होत नाही. शिवाय तुमच्या हातची मेथीची भाजी मला आवडते. बाईंनी विचार करते म्हणून सांगितलं. अडत होतं एकाच जागी. "लोक म्हनतील, पेन्शनीपायी म्हाताऱ्याला धरलं."

आणि लोक म्हणालेच. सकाळी दूध डेअरीवर रांगेत किटल्या लागलेल्या, आबा आपलं अर्धा लिटर घ्यायला उभे, सुमनताई खानावळीचं दूध घ्यायला आलेल्या. भानुदासानं मुद्दाम आवाज चढवला. "आमच्या वयनीनं डाव बराबर टाकलाय. म्हातारा काय, आज हाय, उद्या न्हाई. पेन्शन मातर जलमभर!"

सुमनताईंची मान खाली गेली. माझ्यातला पेन्शनपंडित खवळून उठला. गावातल्या चार माजी सैनिकांचे कागद भरून दिल्यापासून मी स्वतःला त्या विषयातला शेवटचा शब्द समजत होतो. मी किटलीवर थाप मारून म्हणालो, "भानुदास, तोंड सांभाळ! निवृत्तीनंतर केलेल्या बायकोला एक पैसा मिळत नाही. नियमच आहे तसा! मग पेन्शनसाठी लग्न कसं होईल?"

भानुदासाचं तोंड उघडंच राहिलं. "आँ? मंग कशापायी करत्यात?"

"मंग खराच जीव हाय म्हनायचा एकमेकावर," फॅट मोजणारा म्हणाला आणि बाया खुदखुदल्या. एका वाक्यात मी एका बाईची अब्रू वाचवली होती. मी छाती काढून आबांकडं पाहिलं. आता गप्प राहायचं, दूध घ्यायचं आणि घरी जायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. गाव राजी झालं होतं.

"गुरुजी चुकतायत," आबा म्हणाले.

मी डोळ्यांनी खुणावलं. पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला.

"निवृत्तीनंतर लग्न केलं तरी पत्नीला पेन्शन मिळते. नियम बराच जुना आहे, गुरुजींनी वाचला नसेल. आणि ती सुमनताईंना मिळावी, हासुद्धा माझा हेतू आहे. त्यात चोरण्यासारखं काय आहे? मी पाण्याखाली उभं आयुष्य घालवून ती कमावलीय. तिच्यावर खोटं पांघरूण घालून मला कुणाला घरी न्यायचं नाही. सुमनताई, आता तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही."

बाईंना हवा होता तो आडोसा या माणसानं भर डेअरीत काढून टाकला होता. सगळे सुमनताईंकडं बघत होते. त्यांनी किटलीचं झाकण लावलं, पदर खोचला आणि मान वर केली.

"मिळती, हे मला ठावं हुतं. आबांनी पयल्याच दिशी सांगितलंय. आन् मला ती पायजे बी. दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी थापून म्हातारपन निघत न्हाई." मग दिराकडं वळून, "भावजी, दिवाळीची वाट कशाला बघता? खोली ह्याच म्हैन्यात रिकामी करते."

लग्न तालुक्याला नोंदणीनं झालं. साक्षीदारांत एक मी. आनंदाच्या भरात मी साक्षीदाराच्या जागी सही न करता नवरदेवाच्या रकान्यात केली. कारकुनानं चष्म्यावरून विचारलं, "नवरा नक्की कोण?" आबा म्हणाले, "मीच. पण गुरुजींना नियम माहीत नसतात, समजून घ्या." दुसऱ्याच दिवशी दोघांनी जोडीनं फोटो काढला आणि नौदलाच्या दफ्तराला कळवून सुमनताईंचं, म्हणजे आता वहिनींचं, नाव पेन्शनीच्या कागदांवर चढवून घेतलं. त्या कामाला त्यांनी मला हात लावू दिला नाही.

त्यानंतर सहा वर्षं आबांनी वेळच्या वेळी, गरम मेथीची भाजी खाल्ली. मी त्यांच्या ओसरीवर बसून नियम सांगायचो आणि आबा ते दुरुस्त करायचे. अलीकडं मला कुणी काही विचारलं, की मी आधी म्हणतो, "थांबा, वाचून सांगतो." गावाला वाटतं, मास्तर थकले.

गेल्या चैत्रात आबा गेले. सकाळचा चहा घेतला, दाढी केली, आरामखुर्चीत टेकले ते टेकलेच. महिन्याभरानं मी वहिनींबरोबर तालुक्याच्या बँकेत गेलो. खिडकीवर कोवळा अधिकारी होता, बोलायला अदबशीर. कागद चाळता चाळता तो थबकला. तारखा पुन्हा पाहिल्या आणि जरा संकोचानंच विचारलं, "आजी, तुमचं लग्न साहेबांच्या निवृत्तीनंतर झालं का?"

मागं रांग होती. आमच्या गावची दोन-तीन माणसं होती, त्यांचे कान टवकारले. मी घाईघाईनं नियम सांगायला तोंड उघडलं. वहिनींनी मला हातानं मागं सारलं आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्हय, नंतरच झालं. त्याच्या आदी त्यास्नी सवड कुठं हुती?"