बोअरच्या पाण्यानं धुतलेली भुकटी

सरांनी माझी भुकटी सगळ्या वर्गासमोर बेसिनमध्ये ओतली. वरून नळ सोडला. म्हणाले, "तांड्यावरच्या पोरींना धुवायचं वळण कुठून असणार?"

पोरं हसली. मीपण हसले. त्याची लाज अजून वाटते.

हिंगोलीच्या कॉलेजात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सेनगावकडच्या आमच्या बंजारा तांड्यावरून रोज जीपनं यायचे. प्रोजेक्ट होता तांब्या-जस्ताच्या मिश्र ऑक्साइडचा उत्प्रेरक बनवायचा. दोन्हींच्या क्षारांच्या द्रावणात धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं, ढवळत राहायचं. निळसर साका खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवून भट्टीत भाजायचा. काळा होऊन निघतो.

मी तो अकरा वेळा धुतला होता. पण डिस्टिल्ड पाण्याचे कॅन सरांच्या कपाटात, कुलपात. मर्जीतल्या दोघांनाच मिळायचे. मी मागितलं तर म्हणाले, "तुला बोअरचं चालतं."

विद्यापीठातून एक्सआरडीचा, म्हणजे भुकटीत काय काय हाय ते क्ष-किरणांनी दाखवणारा आलेख आला. तांब्याच्या, जस्ताच्या रेषा बराबर जागेवर. त्यात एक परकी रेषा. तिच्यावरूनच हा तमाशा.

दोन दिवस लायब्ररीत बसून ती रेषा तक्त्यांशी ताडली. चुनखडी निघाली. आमच्या हंड्याला आतून धरते तीच. याडी, म्हणजे माझी आई, विटकरीनं घासून काढते ती.

कागद घेऊन सरांकडं गेले. "सर, हे बोअरच्या पाण्यातून आलंय. माझ्या हातातून न्हाई."

त्यांनी कागद बघितलाच न्हाई. "रिपोर्टमध्ये लिही, नीट न धुतल्यामुळे अशुद्धी राहिली. मग सही करतो."

पेन घेतलं. 'नीट न' इथवर लिहिलं. बोटांची सालटं दिसली. सोड्यानं निघालेली.

खोडलं.

"काहून लिहू, सर? खोटं हाय हे."

सही मिळाली न्हाई. वर्ष गेलं. बा म्हणाला, "लिहून द्यायचं होतं, बाई. एका ओळीनं काय झालं असतं?" मी विटकर घेऊन हंडा घासायला बसले. उलट बोलले असते तर त्याला अजून तकलीफ झाली असती.

आता पुन्हा त्याच प्रयोगशाळेत उभी हाय. कपाटाला कुलूप तसंच. मी रोज सगळ्यांसमोर चावी मागते. न्हाई दिली तर बोअरच्याच पाण्यानं धुवीन. आलेखातली चुनखडीची रेषा झाकणार न्हाई. तिच्याखाली कारण लिहीन: मागूनही मला डिस्टिल्ड पाणी देण्यात आले नाही.

त्याखाली सही माझी असंल.